बाळ पाय हलवत नाही, ताप नाही, एक्स-रे नॉर्मल. मग ऑपरेशन कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: "बाळ 24 दिवसांचं आहे. 34व्या आठवड्यात जन्मलं, सुरुवातीचे 11 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं, बाराव्या दिवशी घरी आणलं. तीन दिवसांपासून उजवा पाय हलवत नाही, लंगोट बदलताना कळवळून रडतं. ताप नाही. एक्स-रे नॉर्मल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल. मालीशवाल्या मावशी म्हणतात नस आखडली. सोनोग्राफीत खुब्यात पाणी दिसलं आणि हाडांचे डॉक्टर म्हणतात की तो पू असणार, आज रात्रीच काढायला हवा. घरचे म्हणतात एवढ्याशा जिवाला भूल नको, आधी औषधं देऊन बघू. काय करावं?"

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करा. तुम्ही सांगितलेली हकिगत आणि बाळाला हात लावून तपासलेल्या डॉक्टरांचं म्हणणं, दोन्ही जुळतंय. शेवटचं दूध किती वाजता पाजलं ते घड्याळ बघून लिहून ठेवा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. आईच्या दुधानंतर साधारण 4 तास थांबावं लागतं. बाळ कमी दिवसांचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेलं आहे, त्यामुळे भुलीनंतर श्वास मध्येच थांबण्याचा धोका असतो. म्हणून ऑपरेशननंतर त्याला एनआयसीयूत मॉनिटरवर ठेवणार आहेत ना, एवढं विचारून घ्या. बाकीचं उत्तर ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकड्यावर बसून वाचा. वेळ असतो तेव्हा, आणि दाराकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

मी लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर आहे. वीसेक वर्षांत हा प्रसंग इतक्यांदा पाहिलाय की घरच्यांचे संवादही पाठ झालेत. "ताप नाही" हे वाक्य तर हमखास. मोठ्या मुलाच्या सांध्यात पू झाला की ते तापाने फणफणतं, पांढऱ्या पेशी वाढतात, पाय टेकवत नाही. त्या लक्षणांवरून अंदाज बांधायचे निकषही आहेत. 1999 साली अमेरिकेतून आलेले कोचरचे निकष प्रत्येक निवासी डॉक्टरला तोंडपाठ असतात. पण तान्ह्या बाळाला ते लावता येत नाहीत. ते मुळात चालतच नाही, तर पाय टेकवायचा कुठून? त्याची प्रतिकारशक्ती अजून एवढी कच्ची असते की सांधा पुवाने भरला तरी अंग गार लागू शकतं आणि पेशी नॉर्मल येऊ शकतात. दूध थोडं कमी पिणं, वजन न वाढणं, घेतल्यावर शांत व्हायच्या ऐवजी जास्त रडणं, इतकंच दिसतं. त्यातल्या त्यात सीआरपी, म्हणजे शरीरातला संसर्ग-दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, उपयोगी. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. झाली नसेल तर आज पाठवतीलच. पुढे औषध लागू पडतंय का हेही तिच्यावरूनच बघायचं असतं.

एक्स-रेचं म्हणाल, तर या वयात खुब्याच्या गोटीचं, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचं, हाड झालेलंच नसतं. ती सगळी कूर्चा, म्हणजे कुरकुरीत मऊ भाग, आणि कूर्चा एक्स-रेवर उमटत नाही. हाडाचा पहिला ठिपका दिसायलाच चार ते सहा महिने जातात. म्हणजे जो भाग धोक्यात आहे तोच फिल्मवर नाही. आजूबाजूचं हाड पोखरल्याच्या खुणा दिसायलाही आठवडा-दहा दिवस लागतात. तेव्हा "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ एवढाच, की हाड मोडलेलं नाही आणि तुम्ही अजून वेळेत आहात.

मी अशा बाळाला कसं तपासते ते सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना एवढी खात्री कशी, ते कळेल. आधी बाळाला हातच लावत नाही. आईच्या मांडीवर, कपडे काढून, उबदार दिव्याखाली दोन मिनिटं नुसतं बघते. धडधाकट तान्हं बाळ सतत सायकल मारतं. दुखणारा पाय मात्र बेडकासारखा दुमडून, गुडघा बाहेर वळवून पडलेला असतो, कारण त्या अवस्थेत सांध्याच्या पिशवीत सगळ्यात जास्त जागा होते. मग तळपायाला हलकी गुदगुली करायची. बोटं आखडतात, घोटा हलतो, पण मांडी जागची हलत नाही. म्हणजे नस शाबूत आहे. खरोखर नस गेली असती तर आपण पाय हलवल्यावर बाळ रडलं नसतं. इथे ते स्वतः हलवत नाही आणि आपण हलवला तर किंचाळतं. याला आम्ही खोटा लकवा म्हणतो. हातही असाच लुळा पडतो. पण बाळंतपणात खांद्याची नस ताणली असेल तर हात जन्मापासूनच लुळा असतो, आणि गळपट्टीचं हाड मोडलं असेल तर तेही पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात येतं. आधी चांगला हलणारा हात किंवा पाय दहाव्या, पंधराव्या, विसाव्या दिवशी थांबला, तर पू नाही असं सिद्ध होईपर्यंत मी तो पूच धरते.

मालीशवाल्या मावशींवर चिडू नका. माझा अनुभव उलटा आहे. पाय हलत नाही हे पुष्कळदा त्यांच्याच पहिल्यांदा लक्षात येतं, कारण रोज बाळाला पायांवर आडवं घेऊन प्रत्येक सांधा हलवणारं घरात दुसरं कोणी नसतं. गडबड होते ती त्यानंतर. नस आखडली, लचक भरली म्हणून आणखी तीन दिवस जोरात तेल चोळलं जातं, शेगडीचा शेक दिला जातो. मालीशने पू होत नाही. व्हिटॅमिन के किंवा कावीळची लस मांडीत टोचली म्हणूनही खुब्यात पू होत नाही. पण "सुई दुखत असेल" म्हणून काढलेले दिवस महागात पडतात.

आता "औषधं देऊन बघू"बद्दल. यासाठी बाळाच्या हाडात काय चाललंय ते समजून घ्यावं लागेल.

जंतू रक्तातून येतो आणि लांब हाडाच्या टोकाजवळ, वाढचकतीच्या (हाड जिथून लांबीला वाढतं त्या कूर्चेच्या चकतीच्या) अलीकडे अडकतो. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, वळणावळणाच्या, रक्त संथ. मोठ्या मुलात ही वाढचकती बांधासारखी आडवी असते. अलीकडचं पलीकडे जात नाही, गोटी वाचते. तान्ह्या बाळात मात्र, साधारण एक-दीड वर्षापर्यंत, काही बारीक रक्तवाहिन्या चकतीला भेदून थेट पलीकडच्या कूर्चेत जातात. बांधाला भोकंच असतात म्हणा ना. ऑक्सफर्डला काम करणारे कॅटलान शल्यविशारद जोसेप त्रुएता यांनी 1959 साली बाळ, मूल आणि मोठं माणूस यांच्या हाडांचे संसर्ग वेगळे का वागतात, ते याच रक्तवाहिन्यांवरून मांडलं. त्याच्या कितीतरी आधी, 1874 मध्ये, लंडनच्या थॉमस स्मिथ यांनी तान्ह्या बाळांचे सांधे बघता बघता कसे नष्ट होतात हे लिहून ठेवलं होतं. अँटिबायोटिक हा शब्दही तेव्हा नव्हता. आजही जुने प्राध्यापक या आजाराला टॉम स्मिथ आर्थ्रायटिस म्हणतात.

खुब्याचं आणखी एक दुखणं आहे. मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या पिशवीच्या आतच असते. हाडात सुरू झालेला पू पातळ साल फोडून बाहेर पडला की तो सरळ सांध्यात पडतो. खांद्याचीही रचना अशीच. त्यामुळे तान्ह्या बाळात हाडाचा संसर्ग आणि सांध्याचा संसर्ग हे दोन वेगळे आजार मानण्यात फारसा अर्थ नाही; एकाच्या पोटी दुसरा असतोच असं धरून चालावं.

पू सांध्यात साठला की दोन गोष्टी घडतात. पुवातली विकरं कूर्चेला विरघळवायला लागतात, आणि याचा हिशेब तासांत करायचा असतो. दुसरं म्हणजे दाब. बाळाचा खुबा केवढा? ऑपरेशनमध्ये निघणारा पू कित्येकदा दोन-तीन मिलिलीटर, चमचाभरही नसतो. पण त्या इवल्या पिशवीत तेवढ्याने गोटीला रक्त नेणाऱ्या वाहिन्या दबतात आणि गोटी उखळीतून बाहेर ढकलली जाते. अँटिबायोटिक रक्तातून जाणार. दाबलेल्या, पुवाने भरलेल्या जागेत ते पोचणार कसं? गळू पिकलं की फोडावं लागतं, हे आपल्या आजीला माहीत होतं. तोच न्याय इथे.

हाडाचं मला फारसं भय वाटत नाही. तान्ह्या बाळाचं हाड पोखरलं तरी काही महिन्यांत असं भरून येतं की जुना एक्स-रे बघून विश्वास बसू नये. कूर्चा भरून येत नाही. वाढचकतीही नाही. सगळी घाई त्या दोघींसाठी आहे. चार-पाच दिवसांपेक्षा उशीर झालेल्या खुब्यांचे निकाल वाईट लागतात, हे सगळीकडच्या अनुभवातून दिसलेलं आहे. तुमचे तीन दिवस गेले आहेत.

"पण पू निघालाच नाही तर?" हा रास्त प्रश्न. म्हणून आधी सोनोग्राफीवर बघून सुई घालतात. पू आला की खात्री. सुई कोरडी आली म्हणून मी मात्र लगेच सुटकेचा श्वास सोडत नाही, कारण पू घट्ट असू शकतो किंवा सुई बाजूला लागलेली असू शकते. संशय दाट असेल तर मी सांधा उघडते. स्वच्छ खुबा विनाकारण धुतल्याची खंत मला दोनदा वाटली आहे. ती दोन्ही मुलं आज पळतात. उशिरा उघडलेल्या खुब्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

ऑपरेशन म्हणजे जांघेच्या पुढच्या बाजूने लहानसा छेद, पिशवी उघडून पू काढायचा, सलाईनने भरपूर धुवायचं, मांडीच्या हाडाच्या मानेत पू असेल तर तोही मोकळा करायचा. पुढूनच जायचं, कारण गोटीला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिन्या मागच्या बाजूने येतात. पू कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे ते वाढवून बघायला, जातो, रक्ताचं कल्चरही. जमलं तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी हे नमुने घ्यावेत. कुठलं तरी थेंबाचं औषध आधी चार दिवस दिलेलं असलं की कल्चर कोरं येतं आणि आम्ही अंधारात औषध निवडतो. अर्थात बाळ मलूल, गार पडलेलं असेल तर नमुन्यासाठी औषध थांबवायचं नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. निवासी डॉक्टर असताना रात्री दोन वाजता आम्ही एका तान्ह्या मुलीचा गुडघा धुतला. पू निघाला, सकाळी राउंडला शाबासकी मिळाली. चौथ्या दिवशी तिची आई म्हणाली, "डॉक्टर, हा हातपण वर येत नाही हो." त्या हाताला सलाईनची पट्टी बांधलेली होती, म्हणून ती हात हलवत नसेल असं आम्ही सगळेच गृहीत धरून चाललो होतो. पट्टी सोडली, तर खांदा सुजलेला. तान्ह्या बाळात एकापेक्षा जास्त सांधे पकडले जाणं हे मोठ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. वाचणं आणि पट्टी सोडून बघणं यात फरक आहे. तेव्हापासून एक सांधा सापडला की मी बाराच्या बारा तपासते: खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे. पहिला आठवडा रोज. दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी तर करायचीच. तुम्हीही अंघोळीच्या वेळी बघत राहा.

हे आलं कुठून? कमी दिवसांची बाळं एनआयसीयूत राहतात, नाळेतून किंवा हातातून लांब नळी घातलेली असते, टाचेला टोचून, कधी जांघेतून रक्त घेतलेलं असतं. त्वचेवरचा जंतू तिथून रक्तात जातो. त्या नळ्यांशिवाय ही बाळं वाचली नसती, तेव्हा आज कोणाला दोष द्यायचा याचा विचार सोडा. मात्र एनआयसीयूतलं डिस्चार्ज कार्ड आणि तिथल्या कल्चरचे रिपोर्ट आत्ताच्या डॉक्टरांना दाखवा, त्याचा थेट उपयोग आहे. सगळ्यात जास्त आढळणारा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस, त्यातला नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा हट्टी प्रकार एमआरएसए. पण आपल्याकडे एनआयसीयूतून आलेल्या बाळांत क्लेबसिएलासारखे जंतूही बरेच असतात, आणि खूप कमी वजनाच्या, फार दिवस अँटिबायोटिकवर राहिलेल्या बाळात कँडिडा ही बुरशीसुद्धा. आधीचा रिपोर्ट हातात असला की पहिल्या दिवसाचं औषध नेमकं निवडता येतं.

औषधं किती दिवस? चार ते सहा आठवडे धरा, आणि तान्ह्या बाळात त्यातला बहुतेक काळ शिरेतून, कारण तोंडावाटे दिलेलं किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. आठव्या-दहाव्या दिवशी बाळ हसायला-खेळायला लागतं, पाय हलवतं, आणि घरचे डिस्चार्जसाठी मागे लागतात. तिथे टिकून राहा. खर्चाचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. खासगीत असाल तर महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आजच भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नको. आईला बाळाजवळ राहू द्या आणि दूध चालू ठेवा. थेट पाजता येत नसेल तेव्हा काढून वाटीने किंवा नळीने.

ऑपरेशननंतर दोन्ही मांड्या फाकवून ठेवण्यासाठी पट्ट्यांचा हार्नेस किंवा प्लास्टर देतात, काही आठवडे. गोटी उखळीत राहावी म्हणून. इथे घरातली मोठी माणसं आड येतात. "पाय वाकडे राहतील, सरळ बांधा." दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळणं या बाळाला अजिबात नको. खरं तर कुठल्याच बाळाला नको, पण तो वेगळा विषय झाला.

मूल चालेल का? चालेल. बहुधा इतरांच्या वेळेलाच चालेल. अगदी बिघडलेला खुबा घेऊनही मुलं वर्षा-सव्वा वर्षात चालायला लागतात, आणि पेच तिथेच आहे: पहिलं पाऊल टाकलं की आईबाप पेढे वाटतात आणि फाइल माळ्यावर जाते. वाढचकतीला बसलेला मार तेव्हा दिसत नाही. तो वाढीबरोबर उमलतो. मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याजवळच्या चकतीतून होते आणि सुमारे 30 टक्के खुब्याजवळच्या. मार कुठे बसला त्यावर पाय किती आखूड राहील ते ठरतं. चकतीची एकच बाजू करपली तर गुडघा वाकडा होत जातो. माझ्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी आली होती. उजव्या चपलेला गावातल्या चांभाराने टायरचे दोन थर लावून दिले होते, इतके बेमालूम की शाळेत कोणाला कळलं नव्हतं. तान्हेपणी गुडघ्याला "काहीतरी चीर दिली होती" एवढंच तिच्या आजीला आठवत होतं. ती सहा-सात वर्षांची असताना आली असती तर उपाय बराच सोपा झाला असता.

तुमच्या बाळाच्या बाबतीत पहिलं वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, वाढ थांबेपर्यंत दाखवायचं. मुलग्यात ती साधारण सोळाव्या वर्षापर्यंत चालते. सहाव्या-आठव्या महिन्यात एक्स-रेवर गोटी दिसली नाही तर लगेच "गोटी गेली" असं कोणी म्हटलं तर मानू नका. संसर्गानंतर हाडाचा ठिपका उशिरा येतो, सोनोग्राफी किंवा एमआरआयवर कूर्चा शाबूत दिसू शकते. पायांत दोन सेंटिमीटरपर्यंत फरक असेल तर बुटाची टाच पुरते, त्यापुढे वेगवेगळे उपाय आहेत. गोटी खरोखरच गेली तर पुढची ऑपरेशनं मोठी आणि निकाल बेताचे, हे तुमच्यापासून लपवत नाही. आज रात्रीचा खटाटोप ते टाळण्यासाठीच आहे.

तुम्ही हे बाकड्यावर वाचत असाल तर आता दार उघडायची वेळ झाली असेल. सर्जन बाहेर आले की विचारा: पू निघाला का आणि कल्चरला गेला का, गोटी उखळीत आहे का, हाडात पू होता का, आणि बाकीचे सांधे बघितले का. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो. त्याचा, पहिल्या एक्स-रेचा आणि ऑपरेशनच्या कागदाचा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, आणि एक प्रत बाळाच्या लसीकरण कार्डाला टाचून टाका. ते कार्ड घरात हरवत नाही.